एन्टर दाबायच्या आधी

फोटोताईचा उजवा हात थरथरायला लागला, तेव्हा सगळ्यात आधी ते तिच्या कपबशीला कळलं. मग बशीतल्या चहाला. डॉक्टरकडे ती गेली ती बऱ्याच उशिरा, आणि तेही भावजयीने हाताला धरून नेलं म्हणून.

डॉक्टरांनी तिला कागदावर एक गोल काढायला सांगितला. गोलाऐवजी भुईमुगाच्या शेंगेसारखं काहीतरी निघालं. डॉक्टर म्हणाले, "जिवाला काही धोका नाही. पण हा कंप जाणारही नाही. गोळ्यांनी थोडा आवरेल. पुढे हळूहळू वाढेल."

"किती हळूहळू?"

"ते प्रत्येकाचं वेगळं असतं."

"बरं," फोटोताई म्हणाली आणि चप्पल घालून निघाली. भावजय मागून डॉक्टरांचे आभार मानत राहिली.

तिचं खरं नाव गल्लीत फार थोड्यांना माहीत होतं. रस्त्याला लागून असलेल्या खोलीत तिचा स्टुडिओ, वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ आणि भावजय, आणि स्टुडिओच्या मागच्या खोलीत ती एकटी. लग्न केलं नव्हतं. कोणी विचारलं तर म्हणायची, "वेळच नाही मिळाला, इतरांच्या लग्नांचे फोटो काढत होते." गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या ओळखपत्रावरचा चेहरा तिने टिपलेला होता.

हात बिघडल्यावरही फोटो काढायला तिला काही अडलं नाही. कॅमेरा स्टँडवर, बटण लांब वायरीच्या टोकाला. वायर थरथरली तरी कॅमेरा ढिम्म. अडचण पुढे होती. काढलेले फोटो कम्प्युटरवर घ्यायचे, निवडायचे, ज्याच्या त्याच्या फोल्डरमध्ये टाकायचे, नावं द्यायची, हे सगळं माऊसचं काम. कॅमेऱ्याला स्टँड होता, माऊसला नव्हता. पडद्यावरचा बाण माशीसारखा भिरभिरायचा. एकदा दाबायला जावं तर दोनदा दाबलं जायचं. एखादा फोटो उचलून न्यावा तर वाटेतच हातातून सुटायचा आणि भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन पडायचा.

आणि तसंच झालं. जवळच्या शाळेचं दरवर्षीचं काम तिच्याकडे असायचं. प्रत्येक मुलाचा फोटो, वर्गवार लावून, हजेरी क्रमांकाचं नाव देऊन. शाळा त्यावरून ओळखपत्रं छापायची. त्या वर्षी एका वर्गातले काही फोटो दुसऱ्या वर्गात जाऊन बसले. छापील ओळखपत्रं मुलांच्या गळ्यात पडली तेव्हा कळलं. एक शांत, अभ्यासू मुलगी शेजारच्या वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराचा चेहरा गळ्यात लटकवून हिंडत होती. तिच्या वडिलांनी शाळा डोक्यावर घेतली. मुख्याध्यापिकाबाईंनी फोटोताईला काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षी फोनच केला नाही, एवढंच.

शाळेचं काम गेल्याचं कळलं त्या दिवशी भाऊ खाली आला. विमा कंपनीत काम करून करून त्याच्या बोलण्यात कायम एक समजुतीचा सूर असायचा.

"ताई, आता पुरे झालं. कुणासाठी करतेस एवढं? वर ये, निवांत राहा."

"निवांत राहून काय करू?"

"लोक काय करतात? आराम करतात."

"मला येत नाही ते," ती म्हणाली. "शिकायचंही नाही."

कम्प्युटर जुना होता आणि मुंगीच्या पावलांनी चालायचा. एक दिवस तिने दुरुस्तीवाल्याला बोलावलं. हा एक लुकडा, कायम घाईत असलेला माणूस. खुर्चीत पूर्ण बसायचाच नाही, टेकायचा फक्त. त्याने माऊस बाजूला सारला, कसली तरी दोन-तीन बटणं दाबली आणि पडद्यावर एक काळी खिडकी उघडली. तिच्यात चित्र नाही, बाण नाही. फक्त एक छोटी रेघ लुकलुकत होती. त्याने काहीतरी टाइप केलं, एन्टर दाबलं. अक्षरांच्या ओळीच्या ओळी वर सरकल्या. परत टाइप केलं, परत एन्टर. माऊसला त्याने हातसुद्धा लावला नाही.

फोटोताई त्याच्या खांद्यावरून बघत होती. "हे काय आहे?"

"टर्मिनल. कमांड लिहायच्या, कम्प्युटर ऐकतो."

"म्हणजे फोटो इकडून तिकडे न्यायचा असला तर?"

"लिहायचं, याला तिकडे ने. जातो." तो हसला. "पण मावशी, हे तुमच्यासाठी नाही हं. तुम्ही याला हात लावू नका. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं."

"आणि एन्टर दाबायच्या आधी चुकलं तर?"

"मग काय? पुसायचं आणि परत लिहायचं. एन्टर दाबेपर्यंत काहीच होत नाही."

फोटोताई मागच्या स्टुलावर बसली. दुरुस्तीवाला आपलं सामान गोळा करत बडबडत होता, तिचं लक्ष नव्हतं. माऊसपाशी चूक आणि तिचा परिणाम एकाच वेळी व्हायचे. हात हलला की कामही हललं. इथे दोन्हींच्या मधे जागा होती. हात हवा तेवढा चुको. लिहिलेलं समोर दिसणार, ती ते वाचणार, दुरुस्त करणार, आणि मगच एकदा, फक्त एकदा, ते एक मोठं बटण दाबणार. तेवढं बटण तर मुठीनेही दाबता येईल.

"परत एकदा उघडून दाखव ती खिडकी," ती म्हणाली.

"मावशी, मी सांगितलं ना..."

"तू सांगितलंस. मी ऐकलं. आता उघडून दाखव."

वाचनालयात या विषयावरचं एकच पुस्तक होतं. जाडजूड, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. ग्रंथपाल म्हणाली, "हे कोणी नेत नाही." फोटोताईने नेलं.

पहिले काही दिवस भांडणात गेले. बोटं एक अक्षर दोनदा, कधी तीनदा दाबायची. तिला लिहायचं असायचं 'एलएस', म्हणजे 'इथे काय काय आहे ते दाखव'. लिहिलं जायचं 'एलएलएसएस'. घाईघाईत एन्टर दाबलं की कम्प्युटर थंडपणे म्हणायचा, अशी कोणतीही कमांड सापडली नाही.

"सापडेल कशी? नाहीच आहे," ती त्याला मोठ्याने म्हणायची. "तू समजून घे की थोडं!"

वरून भावजय हाक मारायची, "ताई, कोणी आलंय का?"

"नाही गं, याच्याशीच बोलतेय."

मग सेटिंगमध्ये चाचपडत असताना तिला एक सोय सापडली. ती चालू केली की एकच बटण लागोपाठ चटकन दाबलं गेलं तर कीबोर्ड दुसऱ्या खेपेकडे काणाडोळा करायचा. हे सापडलं त्या दिवशी तिने स्वतःसाठी बेकरीतून क्रीमरोल आणला. इतकी वर्षं कम्प्युटरमध्ये ही सोय पडून होती आणि कोणीही, डॉक्टरांनी नाही, दुरुस्तीवाल्याने नाही, तिला सांगितली नव्हती. खाताना तिला आनंद जास्त झाला की राग जास्त आला, हे सांगणं कठीण होतं.

हळूहळू त्या काळ्या खिडकीचा स्वभाव तिला कळायला लागला. सांगितलेलं काम झालं तर ती काहीच बोलायची नाही. चुकलं तरच तोंड उघडायची. फोटोताईला तिची आई आठवली. आईही तशीच होती, सगळं नीट केलं की गप्प. 'मी कुठे आहे?' असं विचारायची एक कमांड होती. घोळ झाला की फोटोताई आधी ती द्यायची, आणि कम्प्युटर पूर्ण पत्ता सांगायचा. फोल्डरचं नाव अर्धं लिहून टॅबचं बटण दाबलं की उरलेलं नाव तो स्वतःच पुरं करायचा. म्हणजे थरथरत्या बोटांचं निम्मं ओझं त्याने उचललं.

पण तिने पूर्वी दिलेली नावं! 'शाळा नवीन', 'शाळा नवीन फायनल', 'शाळा खरंच फायनल', 'शाळा हेच घ्या'. नावात मोकळी जागा आली की कम्प्युटरचा गोंधळ उडायचा, एका नावाची तो तीन नावं समजायचा. तिने आठवडाभर बसून सगळ्या फोल्डरांची बारशी केली. छोटी, जोडून लिहिलेली, शहाण्यासारखी नावं.

भाऊ मधेच कधीतरी येऊन दारात उभा राहायचा. काळ्या पडद्याकडे बघायचा, मग बहिणीकडे.

"डोळे खराब करून घेशील."

"हात झालाय, आता डोळे. काहीतरी होणारच."

"ताई, मी चेष्टा करत नाहीये."

"मी पण नाही," ती म्हणाली.

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचं काम आलं. त्याने दुकान नव्याने सजवलं होतं आणि भिंतीवर परदेशी नटांऐवजी आपल्याच गिऱ्हाईकांचे फोटो हवे होते. ताजे केस कापलेले, समोरून, बाजूने आणि मागून. "आपली कला आपल्या माणसांच्या डोक्यावर दिसली पाहिजे, ताई," तो म्हणाला. फोटोताईने एक अख्खा दिवस सलूनमध्ये स्टँड लावून काढला. फोटो झकास आले. टकलावर उरलेली झालरसुद्धा त्याने इतकी नेटकी कापली होती की बघत राहावं.

घरी आल्यावर तिने फोटो कम्प्युटरवर घेतले आणि कॅमेऱ्याचं कार्ड पुसून टाकलं. मग दोन-तीन आठवडे सवडीने बघत डोळे मिटलेले, हललेले फोटो निवडले आणि त्या सगळ्यांच्या नावाच्या सुरुवातीला 'खराब' जोडलं. आता एकाच कमांडमध्ये ते उडवायचे होते. पुस्तकात नुकतंच वाचलं होतं, की नावाला जोडून चांदणीचं चिन्ह दिलं की 'याने सुरू होणारं सगळं' असा अर्थ होतो. तिने लिहिलं, 'काढून टाक', मग 'खराब', मग चांदणी. आणि 'खराब' व चांदणीच्या मधे तिने एक मोकळी जागा सोडली. कमांडमध्ये दोन गोष्टींच्या मधे जागा सोडायची असते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिने ओळ नेहमीप्रमाणे वाचली. पुन्हा वाचली. एन्टर दाबलं.

कम्प्युटर म्हणाला, 'खराब' नावाचं इथे काही नाही.

तिला नवल वाटलं. तिने 'इथे काय काय आहे' विचारलं. कम्प्युटर काहीच बोलला नाही. परत विचारलं. परत काही नाही. मग तिने आपली ओळ परत वाचली. मधल्या जागेमुळे त्या ओळीचा अर्थ झाला होता: 'खराब' नावाचं एक काढून टाक, आणि त्यानंतर सगळं काढून टाक. 'खराब' नावाचं एकटं काही नव्हतंच. 'सगळं' मात्र होतं. आणि या खिडकीला कचऱ्याची टोपली नसते, 'नक्की का?' असं विचारायची पद्धत नसते. दुरुस्तीवाल्याने जे सांगितलं होतं ते त्या बाबतीत अगदी खरं होतं.

सलूनमध्ये जाऊन तिने सरळ सांगितलं. "फोटो गेले. माझ्या हातून पुसले गेले. मी सगळे परत काढून देते, एक पैसा घेणार नाही."

सलूनवाल्याने कपाळाला हात लावला. "अहो ताई, फोटो परत काढाल, पण केस? केस वाढले की त्यांचे!"

हे तिच्या लक्षातच आलं नव्हतं. खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक साबणाच्या फेसातून फिसकन हसलं. शेवटी असं ठरलं, की जो जो पुन्हा केस कापायला येईल, त्याच्या वेळी सलूनवाला तिला हाक मारेल आणि ती स्टँड घेऊन येईल. पुढचे कित्येक दिवस गल्लीने फोटोताईला हातातलं काम टाकून कॅमेरा खांद्यावर घेऊन सलूनकडे पळताना पाहिलं.

बातमी भावापर्यंत जायला वेळ लागला नाही. तोही त्याच सलूनमध्ये जायचा.

"झालं? हेच सांगत होतो मी. तुझा हात आता..."

"हात नाही चुकला," ती म्हणाली.

"मग काय भूत आलं होतं?"

"डोकं चुकलं. मी विचार करून, दोनदा वाचून, चुकीचं लिहिलं. मला माहीतच नव्हतं."

"अगं, पण त्यात फरक काय? फोटो गेले ते गेलेच ना!"

"जमीन-अस्मानाचा फरक आहे. हाताला मी काही शिकवू शकत नाही. डोक्याला शिकवू शकते." तिचा आवाज चढला होता. "इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माझी स्वतःची चूक झालीय. ती मला करू दे!"

भाऊ बघतच राहिला. चुकीवर असा हक्क सांगणारं माणूस त्याने विमा कंपनीतही पाहिलं नव्हतं. मग तो वर गेला.

त्यानंतर तिने स्वतःला दोन सवयी लावून घेतल्या. कशालाही हात लावण्याआधी त्याची एक प्रत वेगळी ठेवायची. आणि मोठी कमांड देण्याआधी तिच्यापुढे एक छोटा शब्द जोडायचा, ज्याने कम्प्युटर काम करत नाही, नुसतं कोणकोणत्या फायलींवर काम करणार ते म्हणून दाखवतो. ती यादी वाचायची, पटलं तरच तो शब्द काढून एन्टर. पुस्तकात हे सगळं होतं. फक्त पुढच्या प्रकरणात होतं.

एका सकाळी ती भाजी घेऊन परतली तर स्टुडिओचं दार सताड उघडं. आत भाऊ आणि एक अनोळखी गृहस्थ. गृहस्थांच्या हातात मोजायची टेप होती आणि ती टेप तिच्या मागच्या निळ्या पडद्यावरून, जिथे गल्लीतली माणसं ताठ बसून फोटो काढून घेत, सरळ पलीकडच्या भिंतीपर्यंत ताणलेली होती.

"हे चष्म्याचं दुकान टाकतायत," भाऊ घाईने म्हणाला. "फक्त बघायला आलेत. रस्त्यालगतची खोली आहे, म्हटलं..."

"नमस्कार मॅडम," चष्मेवाला म्हणाला. "उजेड छान आहे तुमच्याकडे."

"असणारच. म्हणून तर स्टुडिओ आहे."

तिने भाजीची पिशवी टेबलावर ठेवली. थरथरत्या हातातून एक टोमॅटो निसटला आणि चष्मेवाल्याच्या बुटापाशी जाऊन थांबला. कोणी वाकलं नाही.

"ताई, आपण बोलू सावकाश," भाऊ म्हणाला. "शाळेचं काम गेलं. सलूनचं तसं झालं. तू त्या काळ्या पडद्यासमोर बसून काय करतेस ते मला कळत नाही, पण त्याने काही उपयोग होतोय का? होत असेल तर दाखव. आत्ता करून दाखव. मी एक शब्द बोलणार नाही."

फोटोताईने कम्प्युटरकडे पाहिलं. तिला येत होतं. बऱ्यापैकी येत होतं. पण दोन पुरुष मागे उभे, एकाच्या हातात टेप, आणि तिने स्टुलावर बसून बोटं चालवून दाखवायची.

"नाही दाखवणार," ती म्हणाली.

"का?"

"मी परीक्षेला बसलेली नाही. ही खोली माझी आहे. घर निम्मं तुझं, निम्मं माझं, आणि हे माझं निम्मं आहे. मला इथे काम जमो, न जमो, मी नुसती खुर्चीत बसून झोपा काढो. खोली माझी ती माझीच. मला न विचारता इथे टेप लागणार नाही."

"मी तुझ्या भल्यासाठीच..."

"माझं भलं मला विचारून करत जा."

चष्मेवाल्याने टेप सोडली; ती सर्रकन डबीत गेली. "येतो मी," असं हवेतच म्हणत तो बाहेर पडला. भाऊ खाली मान घालून उभा होता. लहानपणी मार खाल्ल्यावर उभा राहायचा अगदी तसा. तिला त्याची दयाही आली, पण ती दाखवायची ही वेळ नव्हती. तिने पिशवीतली भाजी निवडायला घेतली.

त्याच दुपारी ती शाळेत गेली. रागाचा जोर ओसरायच्या आत गेलेलं बरं, असा तिचा हिशोब.

मुख्याध्यापिकाबाईंनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अवघडून म्हणाल्या, "तुमच्याबद्दल मनात काही नाही हो. पण पालक..."

"ते बरोबरच होतं. चूक माझी होती. या वर्षीचं काम दिलंत कोणाला?"

"अजून नाही. बघतोय."

"मला एक वर्ग द्या. सगळ्यात लहान. चुकला तर परत तोंड दाखवणार नाही."

बाई तिच्या हाताकडे बघत होत्या. फोटोताईने तो टेबलाखाली घेतला नाही, उलट पुढे केला. "तसाच आहे. खरं तर जास्तच. पण आता मी फोटो हाताने उचलून ठेवत नाही. नाव घेऊन सांगते, हा इथे, तो तिथे. ते जातात."

"म्हणजे काय?"

"म्हणजे एक वर्ग द्या."

बाईंना हसू आलं. त्यांनी दोन वर्ग दिले.

फोटोच्या दिवशी मुलं हजेरी क्रमांकाने रांगेत उभी राहिली. कोणाचे दात पडलेले, कोणाचा भांग पाण्याने चोपून बसवलेला. फोटोताई वायरीचं बटण मुठीत धरून एकेकाला हसवत होती. घरी येऊन तिने प्रत काढली, मग कमांड लिहिली, म्हणून दाखवायला लावली, यादी तपासली. गैरहजर मुलांचे क्रमांक वगळून बाकीच्यांना ओळीने नावं जायला हवी होती. एके ठिकाणी एक क्रमांक पुढे सरकत होता. तिने ओळ सुधारली, परत म्हणवून घेतली. सगळं पटल्यावर एन्टर. खिडकी काही बोलली नाही. पूर्वी ज्यात तिचे दोन दिवस आणि सगळा जीव जायचा, ते चहा निवायच्या आत झालं. तिने एकेक फोटो उघडून पाहिला आणि शाळेला पाठवला.

दुसऱ्या दिवशी फोन वाजला.

"अहो, परत तेच!" मुख्याध्यापिकाबाईंचा आवाज तापला होता. "दोन मुलींचे फोटो उलटे झालेत. हिच्या नावावर ती आणि तिच्या नावावर ही."

फोटोताईने कागद पुढे ओढला. "कोणते क्रमांक?"

बाईंनी सांगितले. तिने मूळ प्रत उघडली. फोटो ज्या क्रमाने काढले होते, त्याच क्रमाने नावं गेली होती. ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, माझ्याकडून क्रम बरोबर आहे. तुम्ही त्या दोघींना विचारा, रांगेत जागा बदलल्या होत्या का."

"असं कसं होईल? वर्गशिक्षिका स्वतः उभ्या होत्या तिथे."

"विचारून तर बघा."

फोनमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, लांबवर दोन बारीक आवाज, मग एक हुंदका, मग खुसखुस. बाई परत फोनवर आल्या तेव्हा त्यांचा पारा उतरला होता. "एकीला तिच्या मैत्रिणीशेजारी उभं राहायचं होतं म्हणे. तिने दुसरीला खोडरबर देऊन जागा मागून घेतली."

"स्वस्तात मिळाली," फोटोताई म्हणाली. "फोन ठेवू नका, आत्ताच बदलते."

फोन तिने कान आणि खांद्याच्या मधे दाबून धरला. दोन नावांची अदलाबदल वाटते तितकी सोपी नसते, हे तिला आता माहीत होतं. पहिलीला सरळ दुसरीचं नाव दिलं, तर ती दुसरीच्या जागी जाऊन बसते आणि दुसरी कायमची पुसली जाते, न विचारता. आधी एकीला तिसरंच नाव देऊन बाजूला उभं करायचं, मग दुसरीला तिच्या जागी, मग बाजूला उभी असलेली परत आत. तीन ओळी. बोटं पळत होती, अडखळत होती, मागे जाऊन पुसत होती; फोनमध्ये बाई 'हॅलो, हॅलो' करत होत्या. तिने प्रत्येक ओळ वाचली. घाई केली नाही.

"पाठवले. बघा."

थोडा वेळ गेला. "बरोबर आहेत," बाई म्हणाल्या. मग घसा साफ करून म्हणाल्या, "बाकीचे वर्ग कधी घेता?"

त्या वर्षी सगळी शाळा तिने केली. सलूनच्या भिंतीवर फोटो लागले. त्यात भावाचीही मान मागून होती, छान कोरलेली. चष्म्याचं दुकान दोन गल्ल्या सोडून निघालं.

भाऊ बरेच दिवस खाली आला नाही. मग यायला लागला. माफी वगैरे काही मागितली नाही, तिनेही मागितली नाही. यायचा, कुलूप जड लागतं म्हणून तेल सोडायचा, पडद्याची दोरी बदलायचा. त्या घरात तेवढं पुष्कळ होतं.

उजव्या हाताच्या कंपाचं मात्र डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. वाढला. आता डावा हातही उजव्याच्या नादी लागला होता. एक दिवस भाऊ आला तेव्हा ती नेहमीसारखी फोटोंवर काम करत नव्हती. लांबच्या लांब कमांड एका फाइलमध्ये लिहून प्रत्येकीला एकेका अक्षराचं टोपणनाव देत होती.

"हे काय चाललंय?"

"प्रत काढायला एक अक्षर. नावं द्यायला एक. शाळेला पाठवायला एक. अख्खी ओळ लिहायची गरजच नाही, एक अक्षर आणि एन्टर."

"पण तुला तर आता जमतं की सगळं लिहायला."

"आज जमतं. पुढच्या वर्षी जड जाईल. म्हणून आत्ताच आखूड करून ठेवतेय. हात जेवढा मागे सरेल, तेवढी मी कमांड छोटी करत जाणार."

भाऊ तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिची बोटं कीबोर्डवर वाऱ्यातल्या पानांसारखी हलत होती. चुकत होती, मागे जात होती, परत लिहीत होती. त्याला बघवत नव्हतं, आणि तिथून हलवतही नव्हतं.

"आणि एक अक्षरसुद्धा दाबता आलं नाही, तर?" त्याने शेवटी विचारलं.

"तर दुसरं काही शोधेन," ती मान न वळवता म्हणाली. "आता सरक बघू जरा. उजेड अडवतोयस."